ग्राफिक्स बदलता येईल असा लॅपटॉप बनवा : लॅपटॉप कंपन्यांना डिचोलीहून खुले पत्र

प्रति,
गेमिंग लॅपटॉप बनवणाऱ्या सर्व कंपन्या,
त्यांना ग्राफिक्स चिप पुरवणाऱ्या कंपन्या
आणि केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग

सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोलीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवते. यंदा सोळावं वर्ष. दुकान लहान आहे. एक लांब टेबल, हॉट एअर स्टेशन, मायक्रोस्कोप आणि मागच्या भिंतीला लागून मेलेल्या मदरबोर्डांचं कपाट. त्या कपाटामुळेच हे पत्र लिहिते आहे.

गेल्या जुलैत भर पावसात वाळपईकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला त्याचा गेमिंग लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला. घेऊन तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. बटण दाबलं की पंखे फिरायचे, कीबोर्डचे दिवे लागायचे, पडदा मात्र काळा. आम्ही दुरुस्तीवाले याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतो. उघडून मीटर लावला तर ग्राफिक्सच्या लाइनवर सरळ शॉर्ट. कुठला भाग तापतो ते पाहायला त्या लाइनला कमी व्होल्टेज दिलं आणि बोर्डावर उष्णतेने पटकन उडणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं. सगळीकडे ते ओलं राहिलं, फक्त पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपवरून दोन सेकंदांत उडालं. बोट टेकवलं तर चटका बसला. चिप आतून गेली होती.

त्या लॅपटॉपचं बाकी सगळं धडधाकट होतं. प्रोसेसर चालू, १४४ हर्ट्झचा पडदा निर्दोष, १६ जीबी रॅम, एसएसडी, बॅटरी, स्पीकर, बिजागरी, सगळं. सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, चिप वेगळी मिळत नाही, पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल. सांगितलेली किंमत नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त होती. वडिलांनी बराच वेळ विचार करून होकार दिला. आठ दिवसांनी कंपनीचा मेल आला : हे मॉडेल बंद झालं आहे, बोर्ड उपलब्ध नाही.

मी तो मेल वाचून दाखवला तेव्हा ते मला म्हणाले, “बाय, कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पंपाची मोटर जळली तर आम्ही मोटर काढतो नि वाइंडिंगला देतो. विहीर कोण नवी खणतो?”

मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हाला विचारते आहे. कंपनीला मी आधी खाजगीत लिहिलं होतं. मोठं पत्र लिहिलं, बोर्डाचे फोटो जोडले. एका ओळीचं आभारप्रदर्शन आलं. त्यामुळे आता सगळ्यांसमोर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण हा एका कंपनीचा दोष नाही. माझ्या कपाटात जवळपास सगळ्यांचे बोर्ड आहेत.

मी या धंद्यात कशी आले तेही सांगायला हवं. अकरावीत असताना, विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या राज्य शासनाच्या सायबरएज योजनेतून आमच्या घरी पहिला संगणक आला. त्यात ग्राफिक्स यथातथाच होतं, पण बोर्डावर एक रिकामा स्लॉट होता. चतुर्थीला मिळालेले पैसे साठवून मी पणजीहून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं, बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि कार्ड दाबून बसवलं. टक्‌ असा आवाज झाला. संगणक चालू केला तर तोच जुना डबा नवे गेम चालवू लागला. आपण उघडलं, आपण बदललं आणि बिघडलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तो रिकामा स्लॉट नसता तर मी आज या टेबलापाशी बसले नसते. आज दुकानात येणाऱ्या पोरांच्या हातात जे लॅपटॉप आहेत, त्यात असा एकही रिकामा स्लॉट मी त्यांना दाखवू शकत नाही. फार तर रॅम आणि एसएसडीचा, आणि अलीकडे अनेक मॉडेलांत रॅमचाही नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार : ग्राफिक्स चिप तुम्ही मदरबोर्डाला कायमची जोडता. चिपच्या पोटाशी शेकडो बारीक कथलाचे मणी असतात, ते वितळवून ती बोर्डाला चिकटवलेली असते. गेम खेळताना ती ८० अंशांच्या वर तापते, बंद केल्यावर थंड होते. रोज तापणं, रोज निवणं. लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त ताण सोसणारा भाग हाच, आणि सर्वांत आधी जुना होणाराही हाच. तरीही सगळ्या यंत्राचं आयुष्य तुम्ही त्याच्याशी बांधून टाकता. तो गेला की त्याच बोर्डावर सोल्डर केलेला चांगला प्रोसेसर जातो, पोर्ट जातात, सगळं भंगारात.

आम्ही काय करतो तेही ऐका. चिप गरम करून उपटतो, जुने मणी साफ करतो, जाळी ठेवून नवे मणी बसवतो आणि पुन्हा चिकटवतो. याला रीबॉल म्हणतात. मणी तुटले असतील तर हे टिकतं. चिपच आतून गेली असेल तर दुसरी चिप हवी. ती सरळ मार्गाने आम्हाला कोणी विकत नाही. कुणाच्या तरी मेलेल्या बोर्डावरून काढलेली चिप आम्ही बसवतो, आणि ती किती महिने चालेल याची हमी मला ग्राहकाला देता येत नाही. त्या मुलाला मी खरं ते सांगितलं. त्याने नको म्हटलं. त्याचा बोर्ड आता माझ्या कपाटात आहे.

चिप मेली नाही तरी ती जुनी पडते, हे दुसरं दुखणं. चार वर्षांपूर्वी ६ जीबी मेमरीचं ग्राफिक्स पुरेसं वाटायचं. आज कित्येक मोठे गेम त्या ६ जीबीत मावत नाहीत. भिंतीवरची नक्षी धुरकट दिसते, मध्येच चित्र अडखळतं. आणि हा फक्त खेळाचा प्रश्न आहे असं समजू नका. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं त्याच लॅपटॉपवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करतात, व्हिडिओ कापतात, घराचे थ्रीडी नकाशे काढतात, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मशीन लर्निंग चालवतात. गेमिंग लॅपटॉप हे त्यांचं कमाईचं पहिलं अवजार असतं. मेमरी कमी पडली की काम अर्ध्यात थांबतं. डेस्कटॉपवाला अशा वेळी जुनं कार्ड विकून थोडे पैसे घालतो आणि नवं लावतो. लॅपटॉपवाल्याला सगळं यंत्र विकावं लागतं, तेही पडत्या भावात, आणि नव्या लॅपटॉपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. चांगला पडदा, चांगली बॅटरी, चांगला कीबोर्ड त्याच्याकडे आधीच होता. ते सगळं तो दुसऱ्यांदा विकत घेतो.

हे करता येत नाही असं तुम्ही म्हणू शकत नाही, कारण तुम्ही ते केलेलं आहे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २००४ मध्ये लॅपटॉप कंपन्यांना सोबत घेऊन एमएक्सएम नावाचं मानक आणलं. लॅपटॉपचं ग्राफिक्स एका छोट्या वेगळ्या पाटीवर, एका स्लॉटमध्ये. मी अशी कार्डं हाताने बदललेली आहेत. जाड, वजनदार लॅपटॉप असायचे ते, पण खालचं झाकण काढलं की कार्ड समोर दिसायचं. ते का चाललं नाही? स्लॉट सारखा असला तरी हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा, आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा, स्क्रूची जागा वेगळी, आणि बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अनोळखी कार्ड स्वीकारेलच याचा भरवसा नाही. मानक अर्धवट पाळलं गेलं आणि मग ‘लोकांना नको आहे’ म्हणून ते गुंडाळलं गेलं. लोकांना ते नीट मिळालंच नव्हतं.

त्यानंतर २०१९ मध्ये डेलच्या एलियनवेअर ब्रँडचा एरिया-५१एम हा लॅपटॉप आला. डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमध्ये, ग्राफिक्स वेगळ्या पाटीवर, आणि पुढे अपग्रेड करता येईल अशी जाहिरात. माझ्यासारख्या कितीजणांना तेव्हा वाटलं की आता दिवस बदलले. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. नव्या पिढीचे प्रोसेसर आणि नवी ग्राफिक्स पहिल्या आवृत्तीच्या मालकांना त्यांच्या यंत्रात बसवता आली नाहीत. २०२१ मध्ये हे प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. स्वतःचाच खास आकार बनवायचा आणि त्या आकाराची पुढची कार्डं द्यायचीच नाहीत, तर त्या स्लॉटचा उपयोग काय?

यावर तुमचे विक्रेते बाहेरच्या डब्याकडे बोट दाखवतात. डेस्कटॉपचं कार्ड वेगळ्या पेटीत ठेवा, तिला वेगळा वीजपुरवठा द्या आणि एका केबलने लॅपटॉपला जोडा. घरात टेबल असलेल्याला हे ठीक आहे. वसतिगृहाच्या खोलीत तिघांत एक टेबल असतं. शिवाय अशी केबल लावतात त्या थंडरबोल्ट ३ जोडणीची पूर्ण क्षमता सेकंदाला ४० गिगाबिट. उलट यंत्राच्या आत ग्राफिक्सला जोडणाऱ्या पीसीआयई ४.० मार्गाच्या आठ लेन एका दिशेने सेकंदाला साधारण १२८ गिगाबिट वाहतात. म्हणजे डब्यात महाग कार्ड घालूनही त्याला अरुंद पाटातून पाणी पाजायचं. थंडरबोल्ट ५ ने पाट रुंद केला आहे, ऑक्युलिंक नावाच्या दुसऱ्या जोडणीनेही थोडा केला आहे, पण मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत तो डबा जाणार नाही हे तसंच राहतं. ज्याला चालतो त्याने तो खुशाल घ्यावा. माझी मागणी लॅपटॉपच्या आतली आहे.

मग फ्रेमवर्क नावाच्या एका लहान अमेरिकी कंपनीने २०२३ मध्ये लॅपटॉप १६ जाहीर केला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो ग्राहकांना मिळू लागला. मागच्या बाजूला एक खण. त्यात ग्राफिक्सचं मॉड्यूल, त्याचे पंखे आणि हीटसिंक त्याच्यासोबतच. नको असेल तेव्हा काढा आणि त्या जागी नुसती पंख्यांची चौकट बसवा. सुरुवातीला एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७७००एस मिळत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर केलं आणि ते आधी विकलेल्या लॅपटॉपांतही बसतं. एका कंपनीची चिप काढून प्रतिस्पर्धी कंपनीची चिप त्याच यंत्रात. खणाची मापं आणि आराखडेही त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. तो लॅपटॉप परिपूर्ण आहे असं माझं म्हणणं नाही. पहिलं मॉड्यूल जेमतेम मधल्या ताकदीचं होतं, किंमत चढी आहे, आणि माझ्या टेबलावर तो अजून एकदाही आलेला नाही. पण ‘अशक्य’ हा शब्द त्या दिवशी संपला. एवढ्याशा कंपनीला जे जमलं, ते वर्षाला लाखो लॅपटॉप विकणाऱ्या तुम्हाला का जमू नये?

मला जसा लॅपटॉप हवा आहे तो इथेच सांगते. सोळा वर्षं दुसऱ्यांचे लॅपटॉप उघडून उघडून तो माझ्या डोक्यात तयार झाला आहे.

पडदा १६ इंची. जाडी तीस मिलिमीटरपर्यंत चालेल, वजन पावणेतीन किलो चालेल. पातळपणाचा हट्ट कोणाचा आहे मला कळत नाही. दुकानात लॅपटॉप गरम होतो म्हणून रोज कोणी ना कोणी येतं, लॅपटॉप जाड आहे म्हणून आजवर एकही माणूस आलेला नाही. ग्राफिक्सचा खण मागे, खालून चार स्क्रूंनी निघणारा. मॉड्यूलचा हीटसिंक आणि पंखा मॉड्यूललाच जोडलेला, म्हणजे एमएक्सएमचं जुनं दुखणं मुळातच संपतं : नवं कार्ड आलं की त्याची थंड करण्याची सोय त्याच्यासोबत येते. पीसीआयईच्या किमान आठ लेन. वीज देणारी पट्टी आज गरज नसली तरी १७५ वॅटपर्यंत सोसेल अशी, कारण पुढचं कार्ड किती खाईल ते आज कोणाला माहीत नसतं. आणि मॉड्यूलचं चित्र प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समधून न फिरता सरळ पडद्याला देण्याची सोय, म्हणजे मक्स स्विच.

रॅम स्लॉटमध्येच. पातळ आणि वेगवान रॅम हवी म्हणून सोल्डर केली, ही सबबही आता जुनी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने कॅम२ मानक प्रसिद्ध केलं, त्यानुसार स्क्रूने बसणारी, कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम २०२४ पासून बाजारातल्या लॅपटॉपात आहे. एसएसडीचे दोन स्लॉट. बॅटरी गोंदाशिवाय, स्क्रूंवर. ती विमानात नेता यावी म्हणून १०० वॅट-तासांच्या आत ठेवा. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतो आहे. म्हणजे तुम्ही तिथल्यासाठी तसं डिझाइन करणारच आहात. तेच इथेही द्या. चार्जरची पिन बोर्डाला सोल्डर करू नका, छोट्या केबलवर वेगळी ठेवा. चार्जर ओढला गेल्याने सैल झालेली पिन ही माझ्याकडची रोजची तक्रार आहे. वेगळ्या केबलवर असेल तर अर्ध्या तासाचं काम, बोर्डावर असेल तर बोर्ड खाली उतरवावा लागतो. आणि यूएसबी-सी वरून आता २४० वॅट देता येतात, तेव्हा तोही मार्ग खुला ठेवा.

कीबोर्डाबद्दल जरा जास्त बोलते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ओली असते. जुलैत भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. लॅपटॉपच्या कीबोर्डाची पातळ फिल्म त्यात आधी मरते. एक दिवस ‘ए’ उमटत नाही, आठवड्याने स्पेसबार. कीबोर्ड स्वस्त असतो, पण तुम्ही तो वरच्या पत्र्याला प्लास्टिकचे पन्नास-साठ टोक वितळवून चिकटवता. मी एकेक टोक ब्लेडने तासते, नवा कीबोर्ड बसवते आणि पुन्हा सोल्डरिंग गनने प्लास्टिक वितळवून तो धरून ठेवते. पूर्ण दुपार जाते. कंपनीकडे गेलं तर टचपॅड आणि पत्र्यासकट सगळा वरचा भाग घ्यावा लागतो. पन्नास टोकांच्या जागी बारा स्क्रू द्या, एवढंच मागते.

तसंच धुळीचं. डिचोली, मये, सत्तरी हा खाणपट्टा. इथली तांबडी धूळ उन्हाळ्यात पंख्यातून आत जाते, पावसात ओली होते आणि हीटसिंकच्या पात्यांत लाल गाऱ्यासारखी घट्ट बसते. मी ती दात घासायच्या ब्रशने खरवडून काढते, खाली ठेवलेला पांढरा कागद गेरू सांडल्यासारखा होतो. तुमच्या प्रयोगशाळेत हे दिसणार नाही. हवा आत घेणाऱ्या जाळीवर बाहेरून काढून धुता येईल असा फिल्टर द्या. बोर्डावरच्या वीज पुरवणाऱ्या भागावर ओलाव्यापासून जपणारा कोटिंगचा थर द्या, जसा कारखान्यातल्या उपकरणांवर असतो. त्याने कोकण किनाऱ्यावरचे, केरळचे, बंगालचे कितीतरी बोर्ड वाचतील.

अजून एक तक्रार, जी दुरुस्तीची नाही, सचोटीची आहे. एकाच नावाखाली तुम्ही वेगवेगळ्या वस्तू विकता. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कशीही बसवता येते. खोक्यावर नाव एकच. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपला १२ जीबी मेमरी, लॅपटॉपला ८ जीबी, नाव तेच. पोरं नाव पाहून पैसे मोजतात आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, “ताई, मित्राचा याच कार्डाचा लॅपटॉप माझ्यापेक्षा वेगाने कसा चालतो?” वॅट आणि मेमरी खोक्यावर, किंमतीच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत छापा.

तुम्ही सांगाल की खण, जोडणी, जास्तीचे स्क्रू यांनी किंमत वाढेल. वाढेल, मान्य. त्या वाळपईच्या शेतकऱ्याला विचारा, सुपारीच्या पैशांतून लॅपटॉप घेताना पाच-सहा हजार जास्त दिले असते तर तीन वर्षांनी फक्त मॉड्यूल बदलता आलं असतं, हे त्यांना परवडलं असतं का. मी विचारलं. त्यांनी हिशोब करायला बोटंसुद्धा मोजली नाहीत.

मागण्या अशा.

लॅपटॉप कंपन्यांनो, ग्राफिक्स मॉड्यूलचं एक समान मानक सगळ्यांनी मिळून ठरवा. स्लॉट, स्क्रू, उंची, वीज आणि बायोस, पाचही त्यात ठरलेलं असू द्या. प्रत्येक कंपनीने गेमिंग मालिकेतला निदान एक लॅपटॉप त्या मानकाचा काढावा, तोही सर्वांत महागडा नव्हे, विद्यार्थी घेतात त्या किंमतीतला. बायोसमध्ये दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल अडवणारी यादी ठेवू नका. विक्री बंद झाल्यावर सात वर्षं सुटे भाग आणि बायोसची सुधारणा द्या, आणि सुट्या भागांच्या किंमती सर्वांना दिसतील अशा जाहीर करा. बोर्डाचा सर्किट नकाशा दुरुस्ती करणाऱ्यांना रास्त पैशांत, अधिकृतपणे द्या. तो आज आम्ही कुठूनतरी मिळवतो, आणि दरवेळी तो बरोबर असेलच असं नाही.

चिप कंपन्यांनो, तुमची चिप मॉड्यूलवर विकायला परवानगी द्या आणि जुन्या खणासाठी निदान पुढच्या दोन पिढ्या द्या. फ्रेमवर्कसाठी तुम्ही ते केलं आहे. तिथेच थांबू नका.

ग्राहक व्यवहार विभागाला माझी विनंती सर्वांत कळकळीची आहे, कारण सुरुवात तुम्ही चांगली केली होती. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले होते. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती किती सोपी आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा आराखडा त्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये तुम्हाला दिला. तो लॅपटॉपला लावा आणि बंधनकारक करा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी किती गुण ते दुकानातच दिसतं. आपल्या गुणांत ग्राफिक्स, रॅम, बॅटरी आणि कीबोर्ड वेगळे निघतात की नाही याला वजन द्या. आणि मे २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १७,००० कोटींच्या आयटी हार्डवेअर प्रोत्साहन योजनेतून जे लॅपटॉप देशात बनतील, त्यांच्यासाठी सुटे भाग मिळण्याची अट घाला. जनतेच्या पैशांवर बनलेलं यंत्र जनतेला दुरुस्त करता आलं पाहिजे. आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात तुये इथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत उभारली आहे. असं एखादं मॉड्यूल तिथे जोडलं जावं, डिचोलीच्या दुकानात बदललं जावं, ही माझी इच्छा मी लपवून ठेवत नाही.

तुमच्यापैकी कोणत्याही कंपनीचा डिझाइन करणारा इंजिनिअर गोव्यात आला, तर त्याने एक दिवस माझ्या टेबलापाशी बसावं. जुलैत यावं, म्हणजे ओलावाही कळेल. मी कपाट उघडीन. प्रत्येक बोर्डाला चिठ्ठी लावलेली आहे : काय बिघडलं, काय शाबूत होतं, माणसाने किती दिले होते. वाळपईच्या मुलाचा बोर्ड वरच्या फळीवर डावीकडे आहे. त्याचा पडदा, रॅम आणि बॅटरी मी वेगळ्या खोक्यात राखून ठेवली आहे. एखादा खण असलेला लॅपटॉप निघालाच, तर त्यातलं काही कामी येईल.

आपली,
डिचोली येथील एक लॅपटॉप दुरुस्ती करणारी